चुलीची भेग आणि भिंतीचं पोट

मराठवाड्यात चुलीची भेग फार दिवस राहत नाही. रात्रीची राख काढली, चूल निवाली, की माती-शेणाचा हात फिरतो आणि भेग बुजते. त्यातलं शास्त्र जाणत्या हातांना नेमकं माहीत असतं. सुटलेली माती आधी खरवडायची, भेग ओलवायची आणि मगच भुसा घालून मळलेली माती आतपर्यंत दाबायची. कोरड्या चुलीवर ओला लेप दिला, तर जाळ लागताच त्याचा पापुद्रा सुटतो. सिमेंटही टिकत नाही, कारण तापल्यावर माती आणि सिमेंट सारखे फुगत नाहीत.

त्याच चुलीमागच्या भिंतीला मात्र पिढ्यान्‌पिढ्या नुसतं वरून सारवण मिळालं. तिच्या पोटात काय आहे, हे कुणी पाहिलं नाही.

लातूर, धाराशिव, नांदेडकडच्या जुन्या घराची भिंत काळ्या दगडाची, दोन फुटांपासून चार-पाच फुटांपर्यंत रुंद. पाहणाऱ्याला ती किल्ल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती एक भिंत नसतेच. बाहेरून दगडांची एक रांग, आतून दुसरी, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे नि मातीची भर. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा लांब, आरपार दगड बहुतेक भिंतींत घातलेलाच नसतो. मातीत पाणी मुरलं की आतली भर खाली बसते आणि दोन्ही तोंडांना बाहेर रेटते. मग भिंतीला पोट सुटतं, कोपऱ्यात उभी चीर जाते. ती चीर लिंपली की दिसेनाशी होते, पण दोन रांगांमधली फट तशीच राहते.

या भिंतींवर माळवद. लाकडी खांब, तुळया, फळ्या आणि वर पांढरी माती. उन्हाळ्यात गारवा देणारं याच्यासारखं छत मी दुसरं पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं लिहिताना जीवावर येतं. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती टाकायची रीत होती. जुनी माती कुणी उतरवत नसे. थरावर थर चढत एक-दोन फूट जाडी होई, कुठं त्याहूनही अधिक. कोरड्या मातीचा एक घनफूट साधारण ४५ किलो भरतो. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे पावणेसात टन वजन. चुलीच्या वरचं साणं, म्हणजे छतातलं भोक, धूर बाहेर सोडायचं, उजेड आत घ्यायचं. पण त्याच्या कडेनं पाणी झिरपलं की शेजारच्या फळ्या कुजायला सुरुवात व्हायची. त्यावर उपाय एकच माहीत होता : कडेला आणखी माती. घराची काळजी जितकी जास्त घेतली, तितकं छत जड झालं.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गावं झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटं असताना किल्लारी परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी सुमारे आठ हजार माणसं गेली. हा भाग तेव्हाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. भिंतींची दोन तोंडं दोन दिशांना फाकली आणि मातीचा ढीग झोपलेल्यांवर आला. काही ठिकाणी भिंत पडूनही लाकडी खांबांवर माळवद तसंच उभं राहिलं. सुताराचं काम गवंड्याच्या कामापेक्षा पक्कं ठरलं, याबद्दल नंतर फारसं कुणी बोललं नाही.

पुढं जागतिक बँकेच्या साहाय्यानं पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी गेली हे सर्वांना आठवतं. पण त्याहून मोठं काम होतं ते जागच्या जागी घरं दुरुस्त करण्याचं, सुमारे दोन लाख घरांचं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या प्रेमा गोपालन यांच्या संस्थेनं गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. आयुष्यभर चूल लिंपणाऱ्या बाया आता गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवू लागल्या. मला या साऱ्या कार्यक्रमातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

दुरुस्तीची रीत साधी होती. माळवदाची जादा माती उतरवायची, प्लास्टिकचा कागद अंथरून वर वीतभरच थर ठेवायचा. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरपा टेकू द्यायचा. भिंतीत आरपार भोक पाडून, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. म्हणजे न घातलेला लांब दगड मागाहून घातल्यासारखं होतं. नव्या भिंतीत असे दगड दर दोन फूट उंचीवर आणि चार फुटांच्या आत हवेत, असं भारतीय मानकात १९९३ पासून लिहिलेलं आहे. तरी पुष्कळांनी अनुदानातून जुनं घर बळकट करण्याऐवजी शेजारी नवी खोली बांधली. दगडी भिंतीखाली माणसं गमावलेल्यांना त्याच भिंतीवर पुन्हा विश्वास ठेवा म्हणणं अवघडच होतं.

चूल या नव्या खोलीत आली नाही. ती परसात, पत्र्याच्या आडोशाला गेली. तुराट्या-पऱ्हाट्या फुकट असतात, आणि गॅसची टाकी आली तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल लागतेच. भूकंपाच्या आधीच, १९८३ च्या सुमारास, निर्धूर चुलीची सरकारी योजना आली होती. त्या चुलीचा नळ काजळीनं तुंबे. नळ घासायला कुणी शिकवलंच नव्हतं, म्हणून धूर पुन्हा खोलीत भरे आणि चूल टाकून दिली जाई. नळ छतातून जातो तिथं लाकूड किंवा गवत त्याला टेकता कामा नये, कारण काजळी पेटली की नळ लालबुंद होतो.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात दहा-अकरा मिनिटांत दोन धक्के बसले, ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे. नांदेडमध्ये माणसं रस्त्यावर आली. जिल्हा प्रशासनानं आवाहन केलं : पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून घ्या. माळवद गेलं, पण डोक्यावर वजन ठेवायची सवय पत्र्यावरही चढून बसली होती. वाऱ्याला पत्रा धरायला दगड लागत नाही. आकड्याचे बोल्ट वाशाला आवळले की पुरतं. आणि उतरवलेल्या दगडांत भिंतीच्या रुंदीएवढा लांब एखादा सापडलाच, तर परसातल्या चुलीचा आडोसा पुन्हा रचताना तो आडवा, आरपार घालावा.