मालकाला न विचारता

लेखमाला : रिअ‍ॅलिटी शोची कार्यशाळा
लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण स्वयंपाकाच्या स्पर्धांमधलं घड्याळ पाहिलं. वेळ किती उरला आहे, हे तिथे स्पर्धकाला ठाऊक असतं. आजच्या कार्यक्रमांत मात्र ज्याच्यासाठी सगळा खटाटोप चालतो, त्याला कशाचाच पत्ता नसतो. त्याची जुनी, खिळखिळी झालेली गाडी काहीतरी निमित्त काढून हलवायची, त्याच्या नकळत तिचा कायापालट करायचा आणि एके दिवशी ती त्याच्यासमोर उभी करायची. शेवटच्या दोन मिनिटांत मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं आणि बघणाऱ्याच्याही. हे पाणी खरं असतं असं मी मानतो. पण ते कशामुळे येतं, हे समजून घ्यायचं तर आधीचा सगळा उद्योग नीट पाहायला हवा.

अमेरिकेत 2004 साली टीएलसी वाहिनीवर ‘ओव्हरहॉलिन’ सुरू झालं. त्याचा कणा म्हणजे चिप फूस. कॅलिफोर्नियातला, पासाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेजमध्ये शिकलेला मोटार आरेखक. वडील सॅम फूस यांचाही व्यवसाय गाड्यांचाच, त्यामुळे पत्रा आणि रंग यांच्याशी त्याचा संबंध लहानपणापासूनचा. या कार्यक्रमात घरातलं कुणीतरी, बायको, मुलगा किंवा जिवलग मित्र, निर्मात्यांना सामील होतं. गाडी चोरीला गेली, ओढून नेली, असं काहीतरी मालकाला सांगितलं जातं. तो बिचारा विचारपूस करत हिंडतो, आणि कधी सूत्रसंचालकच वेषांतर करून त्याला आणखी गोंधळात टाकतात. तिकडे गॅरेजात जेमतेम आठवडाभरात गाडीचा सांगाडा मोकळा होऊन पुन्हा उभा राहतो.

आठवड्यात हे जमतं कसं? पहिलं कारण म्हणजे माणसं. एरवी एका गाडीवर दोन-तीन कारागीर आलटूनपालटून काम करतात. इथे पत्र्याचा, रंगाचा, वायरिंगचा, गादीकामाचा असे सगळे एकदम भिडतात आणि रात्रपाळीही होते. दुसरं कारण अमेरिकेतली सुट्या भागांची बाजारपेठ. फोर्ड मस्टँग 1964 साली बाजारात आली आणि लाखांनी खपली. तिचे मडगार्ड, दरवाजे, डॅशबोर्ड तर आजही नवे मिळतातच, शिवाय काही मॉडेलांची अख्खी नवी बॉडीही मिळते. इंजिन लाकडी खोक्यात बंद होऊन तयार येतं. हे भाग पुरवणाऱ्या कंपन्यांची नावं कार्यक्रमात झळकतात, त्यामुळे व्यवहार दोघांनाही परवडतो. तिसरं कारण सर्वात महत्त्वाचं, आणि त्याकडे मी पुढे वळणार आहे.

त्याआधी ब्रिटनमध्ये जाऊ. नॅशनल जिऑग्राफिकवर 2013 पासून दाखवला जाणारा ‘कार एसओएस’ याच जातीचा, पण स्वभावाने वेगळा. टिम शॉ आणि फझ टाउनशेंड ही त्यातली जोडगोळी. टिम सुटे भाग हुडकतो आणि फझ गॅरेज सांभाळतो. इथले मालक बहुधा आजारपणाने, अपघाताने किंवा घरातल्या दुःखाने खचलेले असतात. कधीकाळी हौसेने दुरुस्तीला घेतलेली गाडी गॅरेजात गंजत पडलेली असते. घरचे चोरून पत्र लिहितात आणि काम सुरू होतं.

ब्रिटनमधल्या गाडीचा मोठा शत्रू गंज. हवा दमट, त्यात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकलं जातं. दरवाज्याखाली गाडीच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची जी लांब पोकळ पट्टी असते, ती आतून कुजते. एमजीबीसारख्या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सारा भार पेलते. अशा वेळी ती पट्टी सरळ कापली, तर गाडी मधोमध दबते. म्हणून जाणकार कारागीर आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप टाके मारून बसवतो, मगच कटर हातात घेतो. नवी पट्टी बसवतानाही एका दमात वेल्डिंग मारत नाही. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मग पत्रा गार होईपर्यंत थांबायचं, कारण उष्णतेने पत्रा वाकतो. मध्येच दरवाजा लावून बघायचा. फट वरपासून खालपर्यंत सारखी आली, तर बॉडी सरळ आहे. पडद्यावर हे सगळं ठिणग्यांच्या काही सेकंदांत उरकतं. पण गाडी पुढची वीस वर्षं टिकणार की नाही, हे त्या फटीवरच ठरतं.

रंगाचंही तसंच. लांबी भरायची, घासायची, प्रायमर, पुन्हा घासकाम, मग रंग आणि त्यावर लॅकर. तापवलेल्या बूथमध्ये रंग काही तासांत हाताला कोरडा लागतो, पण त्याच्या आतलं रसायन उडून जायला बराच अवधी लागतो. घाईने थरावर थर चढवले, तर काही आठवड्यांनी रंग आक्रसतो आणि खालच्या घासकामाचे ओरखडे वर दिसू लागतात. नव्याने बांधलेल्या गाडीला रस्त्यावर चाचणीही हवी असते. कुठे तेल गळतं, कुठे तार घासते, ब्रेक कसे बसतात, हे चालवल्याशिवाय कळत नाही. चित्रीकरणाच्या वेळापत्रकात पहिली काटछाट होते ती नेमकी याच वेळेची.

ही काटछाट किती दूर जाऊ शकते, याची उदाहरणं आहेत. 2004 मध्येच एमटीव्हीवर ‘पिंप माय राइड’ सुरू झालं. त्यात भाग घेतलेल्या काहींनी पुढे 2015 साली माध्यमांना सांगितलं की गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात होती आणि बसवलेल्या काही वस्तू चित्रीकरणानंतर काढून घेतल्या गेल्या. ‘व्हीलर डीलर्स’ या ब्रिटिश कार्यक्रमातला लाडका मेकॅनिक एड चायना 2017 मध्ये बाहेर पडला, कारण गॅरेजमधल्या तपशीलवार कामाचा भाग कमी करायचा निर्मात्यांचा विचार त्याला पटला नाही. त्याचा हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. काम दाखवलंच नाही, तर प्रेक्षकाच्या हाती फक्त चकाकी उरते.

आता ते तिसरं कारण. ही कामं वेगाने होतात, कारण मालकाला काहीच विचारलं जात नाही. एरवी जुनी गाडी दुरुस्तीला दिली की रंग कोणता, गाद्या कशा, मूळ इंजिन ठेवायचं का, यावर महिने जातात. इथे ते सगळे निर्णय घरातल्या त्या सामील माणसाच्या माहितीवर आधीच झालेले असतात. मालक कोणत्या गाडीच्या फोटोसमोर रेंगाळतो, वडिलांच्या आठवणीतली कोणती खूण त्याला पुसलेली चालणार नाही, हे मेकॅनिकला कुठून कळणार? ते बायकोला ठाऊक असतं, मुलीला ठाऊक असतं. फूस त्या माहितीवर स्वप्नातली गाडी रेखाटतो, ‘कार एसओएस’ त्याच माहितीवर हरवलेली गाडी परत आणतं. दोन्हीकडे कस लागतो तो ऐकून घेण्याचाच.

मूळ काय आणि नवं काय, हा प्रश्न कायद्यालाही पडतो. ब्रिटनमध्ये मोठे फेरबदल केलेल्या गाडीला जुना नंबर ठेवायचा तर किमान 8 गुण मिळवावे लागत, अशी पद्धत दीर्घकाळ होती. त्यात चासी किंवा बॉडीला 5 गुण आणि इंजिनाला अवघा 1. आपल्याकडे 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत स्वतंत्र नोंदणी होते. शुल्क 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं. अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ‘ओव्हरहॉलिन’च्या पद्धतीने बदललेली गाडी या नोंदणीला पात्र ठरणं कठीण.

म्हणून ज्या वाचकांच्या अंगणात वडिलांची फियाट किंवा काकांची जीप ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना कळकळीने सांगतो. घरच्यांना आश्चर्याचा धक्का द्यायची इच्छा जरूर बाळगा, पण पत्र्याला हात लावण्याआधी त्या गाडीत कोण कुठे बसायचं, कुठला ओरखडा कसा आला, हे घरातल्या थोरांकडून गप्पांच्या ओघात काढून घ्या. मूळ भाग काढलेत तर फेकू नका, नाव लिहून डब्यात ठेवा. आणि कारागिराला मुदतीची घाई करू नका.

(पुढील लेखांकात : घराचा कायापालट करणारे कार्यक्रम आणि त्यांतलं बांधकाम)