किल्ली कोणाच्या हाती?

खरेदीचा भाव, उधारीची मुदत, पुरवठादाराशी ठरलेली अट या गोष्टी पूर्वी पेढीवर मालक आणि मुनीम यांच्यापलीकडे जात नसत. आज त्याच गोष्टी स्लॅकसारख्या कार्यालयीन संदेशसेवेवर क्षणार्धात लिहिल्या जातात. त्या कोठे साठवल्या जातात आणि कोणाला वाचता येतात, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

अमेरिकेतील डिस्ने कंपनीला २०२४ मध्ये याची किंमत मोजावी लागली. एका कर्मचाऱ्याने चित्रे तयार करणारे साधन समजून एक प्रोग्राम आपल्या संगणकावर उतरवून घेतला. त्यात दडलेल्या घातक भागाने त्याचे पासवर्ड चोरले. त्यांच्या आधारे चोरट्याने कंपनीच्या स्लॅकवरील हजारो गटांतून सुमारे १.१ टेराबाइट माहिती उचलली आणि जुलैमध्ये ती जगजाहीर केली.

स्लॅकवरील संदेश सांकेतिक रूपातच साठवले जातात. पण ते उलगडण्याची किल्ली पाठवणारा व घेणारा या दोघांपुरती नसते. म्हणूनच ज्याला खात्यात शिरकाव मिळाला, त्याला ते खाते पाहू शकते ते सारे सरळ वाचता येते.

या उणिवेवर उपाय म्हणून ब्राउझरला जोडण्याची छोटी साधने, म्हणजे एक्स्टेन्शन, निघाली. संदेश रवाना होण्यापूर्वीच ते पाठवणाऱ्याच्या संगणकावर त्याचे अगम्य अक्षरांत रूपांतर करते. सर्व्हरवर तीच अक्षरे जातात. ज्या सहकाऱ्याकडे ते एक्स्टेन्शन व योग्य किल्ली आहे, त्याच्याच पडद्यावर मूळ मजकूर उमटतो. ई-मेलसाठीचे मेलव्हेलोप याच जातीचे. बँकेच्या लॉकरचे तत्त्व येथे आठवावे: बँकेची एकटी किल्ली ग्राहकाचा लॉकर उघडू शकत नाही.

तथापि या साधनाच्या मर्यादा जाणून घ्याव्यात. कोणी कोणाला केव्हा लिहिले, हे झाकले जात नाही. जुना संदेश शोधण्याची सेवेची सोय निरुपयोगी ठरते. किल्ली त्याच बाधित संगणकावर असेल, तर पासवर्डबरोबर तीही चोरीस जाते. एक्स्टेन्शनला पानावरील मजकूर वाचण्याची परवानगी द्यावी लागते. ते अनोळखी हाताने बनवलेले असेल, तर चोरालाच पहारेकरी नेमल्यासारखे होईल. शिवाय किल्ली हरवली, तर लॉकर पंचांसमक्ष फोडता येतो, संदेश नाही.

गुप्ततेइतकेच नोंदीलाही महत्त्व आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने १६ वित्तसंस्थांना एकूण ११० कोटी डॉलरहून अधिक दंड केला. कर्मचाऱ्यांनी खासगी फोनवरून केलेल्या व्यावसायिक संदेशांची नोंद त्यांनी जपली नव्हती. नोकरी सोडून गेलेल्याबरोबर किल्लीही गेली, तर पेढीचे करार आणि कबुल्या मालकालाच वाचता येणार नाहीत.

बँकेत तिजोरीच्या दुहेरी किल्ल्या दुसऱ्या शाखेत मोहोरबंद ठेवण्याची रीत आहे. ती पेढीनेही उचलावी. किल्लीची प्रत घरातील दोन जबाबदार व्यक्तींच्या माहितीने, कार्यालयाबाहेर, बंद पाकिटात ठेवावी आणि मगच कुलूप लावावे.