सिंगापूरची शिस्त : केवळ दंडाची किमया?

मुंबई-पुण्यातील अनेक मित्रमंडळांची पहिली परदेशवारी सिंगापूरला होते. भारतीय घड्याळाच्या अडीच तास पुढे असलेल्या या शहरात पाऊल ठेवताच गटातील प्रत्येकाचे डोळे वेगवेगळ्या गोष्टीवर खिळतात. कुणाला चांगी विमानतळ भुरळ घालतो, कुणाला कर्कश हॉर्नविना चालणारी वाहतूक, तर कुणाला वेळेवर येणारी मेट्रो. परतताना एका मुद्द्यावर मात्र सर्वांचे एकमत होते : 'तेथे दंड जबर आहे, म्हणून शिस्त आहे. आपल्याकडेही तसाच दंड हवा.' पहिल्या भेटीतील हा निष्कर्ष चुकीचा नसला, तरी अपुरा आहे.

दंडाचा धाक खराच आहे. मेट्रोत खाणे-पिणे ५०० सिंगापूर डॉलरपर्यंत महागात पडू शकते. च्युइंगमच्या आयातीवर व विक्रीवर १९९२ मध्ये बंदी आली. २००४ पासून औषधी स्वरूपाच्या गमला सवलत मिळाली. ई-सिगारेट तर जवळ बाळगणेही गुन्हा आहे. त्यामुळे गटातील एकाचा निष्काळजीपणा सर्वांच्याच सहलीवर पाणी फिरवू शकतो.

नदी दहा वर्षांत स्वच्छ

पर्यटक सायंकाळी ज्या सिंगापूर नदीच्या काठी रेंगाळतात, ती एकेकाळी दुर्गंधीसाठी कुप्रसिद्ध होती. तत्कालीन पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९७७ मध्ये ती स्वच्छ करण्यासाठी दहा वर्षांची मुदत घालून दिली. वराहपालन बंद करण्यात आले, काठावरील झोपड्यांतील कुटुंबांना सरकारी घरे मिळाली आणि रस्त्यावरील खाद्यविक्रेत्यांना पाणी व सांडपाण्याची सोय असलेल्या 'हॉकर सेंटर'मध्ये गाळे देण्यात आले. विक्रेत्याला आधी जागा मिळाली; त्यामुळे पदपथ मोकळा ठेवण्याचा नियम टिकला. या हॉकर संस्कृतीची २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंद झाली.

वाहतुकीचेही तसेच. मोटार घेण्यासाठी दहा वर्षांच्या मुदतीचा परवाना बोली लावून मिळवावा लागतो. ही पद्धत १९९० मध्ये सुरू झाली. २०२३ मध्ये या बोलीने एक लाख सिंगापूर डॉलरचा टप्पा ओलांडला होता. मात्र त्याआधीच, १९८७ मध्ये, मेट्रो धावू लागली होती. बोलीची ही पद्धत सुरू होण्यापूर्वी पर्याय उभा राहिला होता.

नागरिक उपजतच शिस्तप्रिय?

तसेही नाही. हॉकर सेंटरमध्ये जेवणानंतर ट्रे जागेवर नेऊन ठेवावा, यासाठी वर्षानुवर्षे आवाहने झाली. अखेर २०२१ मध्ये त्याची सक्ती करावी लागली. शहराची बांधकामे आणि साफसफाई यांचा मोठा भार तमिळनाडू, बांगलादेश आदी ठिकाणांहून आलेल्या कामगारांवर आहे. रविवारी 'लिटल इंडिया'त फेरफटका मारल्यास हे कामगार मोठ्या संख्येने दिसतात.

सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सेंटोसा आणि मरीना बे असतातच. त्यातून अर्धा दिवस काढून मेट्रोने टोआ पायोला जाता येते. १९६० मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण मंडळाची ही सुरुवातीच्या काळातील वसाहत. आज चारपैकी तीनहून अधिक रहिवासी अशाच सरकारी इमारतींत राहतात. इमारतींखालचे मोकळे तळमजले, चालण्याच्या अंतरावरील बाजार व बसस्थानक पाहिले, की 'दंड लावा' या एकमताच्या जोडीला मित्रांच्या गप्पांत आणखी एक प्रश्न येतो : दंड आकारण्यापूर्वी आपल्या शहराने नागरिकांसाठी कोणती सोय केली?