लाटेवर उभं राहायला कोणता पाय?

ऑक्टोबर १९९७. हवाईतल्या कवाई बेटाच्या किनाऱ्याजवळ अठरा वर्षांचा माइक कूट्स बॉडीबोर्डवर पालथा पडून लाटा घेत होता. टायगर शार्कने त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तोडला. मित्राने सर्फबोर्डची दोरी पायाला आवळून बांधली, म्हणून तो वाचला. पुढे हाच कूट्स शार्कच्या संरक्षणाचा कायदा व्हावा म्हणून वॉशिंग्टनपर्यंत गेला. ती गोष्ट पुष्कळदा छापून आली आहे. पण पालथं पडून लाटा घेणारा हा मुलगा नंतर कृत्रिम पाय लावून उभ्याने सर्फिंग करू लागला, ही गोष्ट विज्ञानाच्या दृष्टीने जास्त रंजक आहे.

कूट्स यात एकटा नाही; अपंग सर्फपटूंची जागतिक स्पर्धा २०१५ पासून भरते. तरीही २०२८ च्या लॉस एंजेलिस पॅरालिम्पिकमध्ये हा खेळ नसेल. २०२४ मध्ये निर्णय झाला तेव्हा पॅरा क्लाइंबिंगला प्रवेश मिळाला, सर्फिंग बाहेरच राहिलं. सर्फिंगवेड्या कॅलिफोर्नियातच तो नसावा, ही खरोखर वाईट गोष्ट झाली.

कृत्रिम पाय घेऊन समुद्रात शिरलं की पहिली अडचण आर्किमिडीजची. चालण्यासाठी केलेला पाय हलका असावा म्हणून पोकळ ठेवतात. पालथी घागर पाण्यात दाबायला गेलं की ती जशी उसळून वर येते, तसा हा पाय वर येऊ बघतो. आत एक लिटर हवा अडकली, तर पाणी त्याला साधारण एक किलोच्या जोराने वर ढकलतं. एकच पाय असा तरंगला की शरीर एका अंगावर कलतं. त्यावरचा तोडगा अगदी साधा आहे. पाण्यासाठीच्या पायाला वर आणि खाली भोकं ठेवतात. पाण्यात शिरताना हवा निघून जाते, बाहेर येताना पाणी गळून जातं. मग खारं पाणी आणि वाळू. पोलादी स्क्रू गंजतात, सांध्यात वाळूचे कण अडकतात, आणि स्टंपवरच्या, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकावरच्या, सिलिकॉनच्या बाहीत पाणी शिरलं की आतली निर्वात पकड सुटून पायच निसटतो. म्हणून बाही मांडीवर घट्ट बसलेली लागते आणि घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवावं लागतं.

हे झालं सामानाचं. खरी परीक्षा घोट्याची. फळीवर पालथं पडलेल्या माणसाला लाट उचलते, त्या क्षणी त्याने हातांवर रेटा देऊन दोन्ही पाय छातीखाली ओढायचे असतात आणि गुडघे मोडून, वजन खाली ठेवून उभं राहायचं असतं. त्यासाठी टाच फळीवर टेकलेली ठेवून नडगी पुढे झुकावी लागते. उकिडवं बसताना आपण हेच करतो. ताठ घोट्याच्या पायाने ते जमत नाही. टाच उचलली जाते किंवा माणूस मागे कोसळतो. शिवाय चवड्याखाली फळी किती कलली हे कळायला तळव्यातल्या संवेदना नसतात. ती बातमी आता सॉकेटच्या, म्हणजे स्टंप ज्यात बसतो त्या खोबणीच्या, कडेला स्टंपवर पडणाऱ्या दाबातून वाचायला शिकावं लागतं. आधी वाळूवर ठेवलेल्या फळीवर तीच तीच हालचाल घोटण्याचं कारण हे आहे.

‘बायोनिक’ पायांच्या बातम्या वाचून वाटतं की सेन्सर आणि मोटर हेच उत्तर असेल. खाऱ्या पाण्यात टिकणारे संगणकीय गुडघे आज मिळतातही. पण पाण्यातल्या खेळांत ज्यांनी वाट काढली, ते बहुतेक साध्या यंत्रशास्त्राने. वॉटर स्कीइंग करतानाच १९७६ मध्ये पाऊल गमावलेल्या व्हॅन फिलिप्सने कार्बन फायबरची कमान वापरून फ्लेक्स-फूट नावाचं कृत्रिम पाऊल बनवलं. धावपटूंची प्रसिद्ध पाती त्यातूनच आली. स्प्रिंग मात्र घेतलेली ऊर्जा परत देते. धावताना तेच हवं असतं, पण डुगडुगत्या फळीवर हादरा जिरलेला बरा. माइक शुल्ट्झने नेमकं तेच केलं. २००८ च्या स्नोमोबाइल अपघातात त्याचा पाय मांडीतून गेला, तेव्हा त्याने माउंटन बाइकचा शॉक अॅब्सॉर्बर घालून स्वतःसाठी गुडघा तयार केला. आज तो गुडघा वेकबोर्डवरही दिसतो.

आणि घोटा? अनवाणी चालेल, भिजला तरी बिघडणार नाही आणि उकिडवं बसू देईल, असं पाऊल १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात तयार झालं होतं. हा जयपूर फूट लावून सुधा चंद्रन नाचल्या आणि तो घरोघरी पोचला. या पावलासाठी डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. पण ते पाऊल ज्यांच्या हातून घडलं, त्या रामचंद्र शर्मांचं नाव किती जणांना माहीत आहे? हे शर्मा, म्हणजे मास्टरजी, रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवत. शाळा जेमतेम झालेली. त्या काळचं पाश्चात्त्य पाऊल ताठ होतं, त्यावर बूट लागायचा. शेतकरी चिखलात जाणार कसा आणि देवळात शिरणार कसा? असं सांगतात, की सायकल पंक्चर झाली म्हणून मास्टरजी दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवताना त्यांनी पाहिलं आणि कल्पना सुचली. टाचेला आणि चवड्याला स्पंजी रबर, घोट्याशी लाकडाचा ठोकळा, भोवती टायरचं रबर आणि दोरा, आणि हे सगळं साच्यात घालून भट्टीत एकजीव केलेलं. त्यामुळे ते पाऊल वर-खाली वाकतंच, शिवाय खडबडीत जमिनीवर आडवंही कलतं. पुढे त्यावरची नळी पाण्याच्या पाइपसाठी वापरतात त्या एचडीपीई प्लॅस्टिकची होऊ लागली. पाण्याला भिण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

भाताच्या खाचरासाठी केलेल्या या पावलाचे गुण सर्फपटूच्या यादीशी इतके जुळतात, की एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने ते फळीवर नेऊन मोजायला हवं: नडगी किती अंश झुकते, बाजूला किती कलते, हादरा किती जिरतो, खाऱ्या पाण्यात रबर किती दिवस टिकतं. कार्बनच्या पावलापेक्षा ते जड आहे, ही त्याची कमजोरी. पण लाटेवर पाय उचलून पावलं टाकायची नसतात, तो फळीवर रोवून ठेवायचा असतो. तेव्हा तिथे हे वजन किती आड येतं, हेही त्याच मोजणीत पाहता येईल.