आवळायच्या की सैलावायच्या?

हृदय थांबलं की छाती दाबता दाबता दर ३ ते ५ मिनिटांनी १ मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन देतात. ते रक्तवाहिन्या आवळतं, दाब चढतो, हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं. पण याच आवळण्याने मेंदूतल्या केशवाहिन्यांची कोंडी होण्याची भीती असते. ब्रिटनमधल्या ८,०१४ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) ३० दिवसांनी जिवंत असलेले औषधाऐवजी सलाइन दिलेल्या गटात २.४ टक्के, अ‍ॅड्रेनलिनच्या गटात ३.२ टक्के होते. मात्र वाचलेल्यांपैकी मेंदूला गंभीर इजा झालेले अनुक्रमे १७.८ आणि ३१ टक्के. हा शेवटचा आकडा मनातून जात नाही.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या डेमेट्रिस यानोपोलोस यांच्या गटाने उलटी वाट धरली ती सोडियम नायट्रोप्रुसाइडची. हे औषध रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब झपाट्याने उतरवतं. नुसतं तेच दिलं तर उरलासुरला दाबही जाईल. म्हणून डुकरांवरच्या प्रयोगांत सोबत पोट आवळून धरलं, श्वासमार्गाला झडप लावली, छाती दाबल्यावर ती वर खेचणारं उपकरण वापरलं. मेंदूकडे जाणारं रक्त वाढलं. माणसांवरच्या नेहमीच्या उपचारांत आजही अ‍ॅड्रेनलिनच आहे.