अंधाऱ्या खोलीचा कायदा

मुलांनो, वर्गमंत्री निवडताना गुरुजींनी हात वर करायला सांगितले, की तुम्ही आधी इकडेतिकडे बघता ना? वर्गातला दांडगट मुलगा डोळे वटारून बघत असला, की हात आपोआप त्याच्याच नावाला वर जातो! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना देशात मोठ्या माणसांचीही अशीच गत होती. मत सगळ्यांसमक्ष, तोंडाने सांगायचे. शेजारी मालक नाहीतर पुढाऱ्याची माणसे उभी. मग खरे मत सांगणार कोण?

ही पद्धत एका वकिलाने मोडली. त्यांचे नाव रोके साएन्स पेन्या. जन्म १८५१ चा, ब्युनोस आयर्स शहरातला. गडी मोठा धाडसी! १८७९ मध्ये पेरू आणि चिली यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा हे पेरूच्या बाजूने लढायला गेले. १८८० साली आरिकाच्या लढाईत ते जखमी झाले आणि कैदेतही पडले.

पुढे ते राजकारणात शिरले. १८९२ साली अध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुढे आले. पण बड्या पुढाऱ्यांनी युक्ती केली. त्यांच्या वडिलांनाच उभे केले! वडिलांशी कसे लढणार? रोके यांनी माघार घेतली.

१९१० मध्ये ते स्वतः अध्यक्ष झाले, तेही जुन्याच पद्धतीने. तरीसुद्धा १९१२ साली त्यांनी ती पद्धत बदलणारा कायदा करून घेतला. १८ वर्षांवरील प्रत्येक नागरिक पुरुषाने मत द्यायचेच, आणि तेही गुप्त. मतदाराने खोलीत एकट्याने जायचे, मतपत्रिका पाकिटात घालायची आणि बाहेर येऊन पाकीट पेटीत टाकायचे. या खोलीला तिथले लोक ‘अंधारी खोली’ म्हणू लागले. आतले बाहेर कुणाला दिसू नये, एवढाच त्याचा अर्थ.

१९१४ मध्ये, अध्यक्ष असतानाच, रोके वारले. १९१६ च्या निवडणुकीत लोकांनी निर्भयपणे मते दिली आणि इपोलितो इरिगोयेन हे विरोधी पक्षाचे पुढारी अध्यक्ष झाले. रोके यांच्या गटाची सत्ता त्यांच्याच कायद्याने गेली!

एक उणीव मात्र राहिली. या कायद्यात स्त्रियांना मत नव्हते. तो हक्क त्यांना १९४७ साली मिळाला.

आता घरी विचारा बरं, आईबाबा मत कुणाला देतात? त्यांनी हसून ‘सांगणार नाही’ म्हटले, तर रागावू नका. तो त्यांचा हक्कच आहे!