हळू पळण्याची शर्यत

सगळ्यांत हळू पळेल त्या घोड्याला सगळ्यांत जास्त गुण, असं ऑफिसातल्या एकीने सांगितलं तेव्हा मला ती थट्टाच वाटली. घोडा म्हटलं की आपल्या कानात टापा आणि डोळ्यांत धूळ. म्हणून रविवारी पहाटेच गाडी काढली आणि इंग्लंडातल्या श्रॉपशरमधलं स्पर्धेचं शेत गाठलं.

खेळाचं नाव ‘ट्रेक’. आपला गडावरचा नव्हे. एका लांबलचक फ्रेंच नावाची ही आद्याक्षरं. फ्रान्समध्ये घोड्यावरून भटकंतीला नेणाऱ्या वाटाड्यांसाठी हा खेळ निघाला आणि पुढे इंग्लंडात आला. नकाशावरून वाट काढण्याला 240 गुण, चालीवरच्या ताब्याला 60, आणि 16 अडथळे प्रत्येकी 10 गुणांचे. खालच्या पातळ्यांवर वाट जोडीने काढता येते.

माझी नजर एका जोडीवरून हलेना. दोघी साठीच्या पुढच्या. दोन्ही घोडे एकीचेच. दुसरीकडे घोडाच नाही. आपल्या जुन्या हिशेबाने एक शिलेदार, दुसरी बारगीर. बारगीरबाईंच्या वाट्याला आलेला कॉब घोडा ठेंगणा, अबलख, खुरांवर केसांचे झुबके. “दुसऱ्याचा घोडा आहे, म्हणून भीती जास्त,” त्या तंग आवळता आवळता म्हणाल्या.

फोन पाकिटात सीलबंद झाले. एका शेडमध्ये टांगलेल्या नकाशावरची वाट दोघींनी आपापल्या नकाशावर पेनाने उतरवून घेतली. तिथेच पहिली ठिणगी. ओढ्याच्या डावीकडून की उजवीकडून? एवढी जुनी मैत्री त्या ओढ्याकाठी चांगली पाच मिनिटं अडली. शेवटी बारगीरबाईंनी माघार घेतली; घोडे शिलेदाराचे ना!

मी एका चौकीवर जाऊन बसले. कुंपणाआड खुर्ची टाकून एक आजोबा घड्याळ सांभाळत होते. प्रत्येक टप्प्याचा वेग ठरलेला. उशीर झाला तरी गुण जातात, लवकर पोचलात तरी जातात. “मिनिटाला एक,” आजोबा म्हणाले. दोघी आल्या त्या उजवीकडून, म्हणजे चुकीच्या बाजूने. बारगीरबाईंचंच खरं होतं, पण त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. अशा जोडीला गुण द्यायचा रकाना मात्र त्या कागदावर नव्हता.

दुपारी अडथळे. फाटक घोड्यावरूनच उघडायचं आणि लावायचं, फाटकावरचा हात न सोडता. आखलेल्या वर्तुळात घोडा दहा सेकंद पुतळ्यासारखा उभा करायचा. झुकवलेल्या काठ्यांखालून मान आयाळीला टेकवून निघायचं. रोज रानात फिरणाऱ्याला जे जे लागतं, तेच इथे.

आणि मग ती पट्टी. 150 मीटर लांब, जेमतेम दोन मीटर रुंद. इथून जाताना कँटर, म्हणजे चौखूर उधळण्याच्या अलीकडची चाल, होईल तितकी हळू; येताना साधी चाल, होईल तितकी झपझप. मध्ये चाल मोडली किंवा रेषेबाहेर पाऊल पडलं, तर त्या फेरीचा शून्य. पळवायला टाच पुरते, पण पळता घोडा हातात धरून ठेवायचा, तेही त्याला न दुखवता! 150 मीटर तोपर्यंत मला किरकोळ वाटत होते.

अबलख निघाला. प्रत्येक उडी जागच्या जागी घेतल्यासारखी. बारगीरबाईंची बोटं लगामावर पेटीच्या सुरांवरून फिरावीत तशी हलत होती. शंभर मीटर. एकशे वीस. शेवटचा खांब हाताशी आला आणि घोडा दुडकीवर आला. शून्य.

मला वाटलं, आता चाबूक नाही तरी निदान लगामाला हिसका बसेल. बाईंनी लगाम सैल सोडला, मानेवर थापटलं आणि परतीच्या फेरीला अशा झपझप आल्या की जणू बाजार उठायच्या आत भाजी गाठायची आहे.

संध्याकाळी खोगीर उतरलं तेव्हा त्या पाठीवरून वाफ निघत होती. घाम, ओलं चामडं आणि चुरगळलेलं गवत यांचा मिळून एक वास. बाई खरारा करत होत्या. “शून्य मिळाला म्हणून वाईट वाटलं?” मी विचारलं. “दमला होता तो,” त्या म्हणाल्या. “मलाच उशिरा कळलं.”

निघताना मी त्या पट्टीतून चालून पाहिलं. हळू.